तपासणीआधी सांगायचं

ताईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दुपारी जेवून जरा लवंडल्या की त्यांना ती खोली आठवते. इस्पितळाच्या प्रसूती विभागाच्या अगदी टोकाला, धुलाईघराला लागून. भिंत कायम कोमट. थंडीत दिवस भरत आलेल्या बायका त्या भिंतीला पाठ टेकून बसायच्या आणि उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. दारावर पाटी होती 'समुपदेशन', पण सगळे म्हणायचे गरम खोली. काय दिवस होते ते!

तिथं यायच्या त्या बायका म्हणजे पोटात बाळ आणि गळ्यात व्यसन, अशा कात्रीत सापडलेल्या. औषधाचं डॉक्टर बघायचे, बोलायचं काम ताईंचं. बोलायचं कसलं, ऐकायचं. आणि आमच्या ताई म्हणजे तोंडाचा पट्टा. घरी नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणाला सोडायच्या नाहीत. खोलीत मात्र रागवायचं नाही, उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत, 'तुला काय वाटतं?' एवढंच विचारायचं. सुरुवातीला जीभ नुसती वळवळायची. हळूहळू जमलं.

आणखी एक रीत होती. दर आठवड्याला लघवी तपासायची. स्वच्छ निघाली की बाईनं डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची आणि चिठ्ठीत असेल ते बक्षीस घेऊन जायचं. कधी साबण, कधी दुपटं, झबलं, तर कधी नुसतंच 'शाब्बास'. शाब्बास निघालं की बायका नाकं मुरडायच्या. पण एका झबल्यापायी आख्खा आठवडा निभावून नेलेल्या बायका ताईंनी पाहिल्या होत्या, त्यामुळे त्या डब्याला कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही.

त्यांतलीच एक इस्त्रीवाली. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून इस्त्री करायची. कंबर धरली म्हणून दुखण्याच्या गोळ्या घ्यायला लागली आणि मग गोळ्यांनीच तिला धरलं. नवरा लांब कामाला, घरी ती आणि सासू. डॉक्टर त्या गोळ्यांच्या जागी मोजून औषध द्यायचे, तेवढ्यावर तिनं भागवायचं होतं. तिला धास्ती एकच, पाय घसरल्याचं कळलं तर बाळ काढून घेतील. ओळखीतल्या एकीचं घेतलं होतं म्हणे. पण हिची तपासणी दर वेळी चोख. झबली साठत होती आणि ताईंना आकाश ठेंगणं झालं होतं.

मग एके दिवशी लॅबवाले भाऊ दारात आले आणि हसू दाबत उभे राहिले. ताजा नमुना कोमट असतो, ही बाटली हाताला थंडगार लागली म्हणून त्यांना शंका आली होती. नमुना स्वच्छच निघाला, पण भाऊंनी जाता जाता गरोदरपणाची पट्टीही त्यात बुडवून पाहिली होती.

"ताई, तुमची ही सातव्या महिन्यातली बाई गरोदरच नाही."

घ्या! घरात दुसरी बाई एकच, सासू, आणि सुनेनं तिचीच बाटली भरून आणली होती. ताईंना आधी हसू फुटलं, मग असा राग आला की बोलायची सोय नाही. एवढा जीव लावला आणि ही अशी डोळ्यांत धूळ फेकते? पण राग जरा निवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाटली चोरलेली नव्हती, दिलेली होती. म्हणजे घरात कुणीतरी हिच्या बाजूनं उभं होतं. त्यांनी एवढाच निरोप धाडला की पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन ये.

सासू आली ती कमरेवर हात ठेवूनच. बसायच्या आधी म्हणाली, माझंच होतं ते, नातवंडासाठी याहून वाईटही केलं असतं. सून खाली मान घालून रडत होती. दोनदा गोळी घेतली होती तिनं.

"घेतलीस तर तपासणीआधी मला सांगायचं," ताई म्हणाल्या. "चिठ्ठी मिळणार नाही. पण बसायला जागा मिळेल आणि मी ओरडणार नाही."

तिथून खरं काम सुरू झालं. सासूनं कारखान्यात जाऊन मुकादमाशी भांडभांड भांडून सुनेला बटणं लावायचं बसून करायचं काम मिळवलं. इस्त्रीवाली येत राहिली. एखाद्या आठवड्याला दारातूनच म्हणायची, "आज चिठ्ठी नको, ताई," आणि भिंतीला टेकून बसायची. असे आठवडे पुढे पुढे विरळ होत गेले. ताईंना त्या खोलीतलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर तिचं ते येऊन बसणं.

बाळ झालं, लहानसं. थोडं थरथरायचं म्हणून काही दिवस देखरेखीखाली ठेवलं. घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्यापुढे भलेभले चळचळा कापायचे. त्यांनी सगळ्यांसमोर ताईंना विचारलं, हिच्या हाती मूल द्यायचं का?

"हिनं मला एकदा फसवलं," ताई म्हणाल्या. "त्यानंतर दर वेळी तपासणीच्या आधी हिनंच सांगितलं."

"आणि आता?"

आताचं ताईंना काय माहीत? तेवढ्यात खाटेवरून इस्त्रीवालीच बोलली.

"आज सकाळी घ्यावीशी वाटली होती. सासूबाईंना सांगितलं. त्या माझा हात धरून बसून राहिल्या. घेतली नाही."

सासूनं तिला कोपरानं ढोसलं, पण तोंडातून गेलेलं गेलं. झालं, हातचं गेलं बाळ, असंच त्यांना वाटलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "द्या तिचं बाळ तिला."

ताई आणि सासू एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. इस्त्रीवाली रडली नाही. तिनं दोन्ही हात अंगावरच्या कपड्याला नीट पुसले आणि मग पुढे केले.