सातवा पेला

आई एकेक कपडा घडी घालून बॅगेत ठेवत होती आणि मुलगी तोच उचलून पुन्हा कपाटात कोंबत होती.

"आई, तू खरंच निघालीस?"

"अगं, डॉक्टरच म्हणाले. ह्यांचा दोष नव्हता."

दोष नव्हता म्हणे! मुलीच्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करून ती आत्ताच घरी आली होती, हातसुद्धा धुतले नव्हते. आणि बाहेरच्या खोलीत वडील पाय पसरून चहा पीत होते, एखादं बक्षीस जिंकून आल्यासारखे. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून विद्यापीठाच्या कुठल्याशा प्रयोगाला गेला. तिथे मिठाच्या पाण्याचे छोटे पेले ओळीने प्यायला दिले, आधी अगदी सौम्य, मग वाढत्या खारटपणाचे. बाकीच्यांना तिसऱ्या पेल्यात मीठ कळलं, ह्यांना सहाव्यात. काहींना जन्मतःच खारट चव कमी लागते, ते आईवडिलांकडून रक्तातून येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. झालं! स्वारी तडक तीन मजले चढून, वर्षभर मुलीकडे राहणाऱ्या बायकोला न्यायला हजर.

ह्याच माणसाने मागच्या वर्षी भाजीचं गरम पातेलं भिंतीवर फेकलं होतं. अळणी आहे म्हणून. त्याच्या आधी ताटं फेकली, पाहुण्यांसमोर पाणउतारा केला. आई बिचारी चमच्यात भाजी घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहायची. "बघा हो, मीठ आहे का?" शेजारीण ठीक आहे म्हणायची, तरी तिचा विश्वास बसायचा नाही. स्वतःच्या जिभेवरचाच विश्वास उडाला होता तिचा.

मुलगी बाहेर आली.

"बाबा, जीभ जन्माची असेल. पातेलं फेकणारा हात तपासला का त्यांनी?"

"झालं का सुरू? अगं, मला खरंच लागत नव्हतं. तुम्ही दोघींनी मला राक्षस ठरवलंत."

"तुम्ही माफी मागायला आलात की आम्हाला मागायला लावायला?"

"माफी कसली? शास्त्र आहे ते." त्यांनी कप खाली ठेवला. "मुलांनाही तपासायचं म्हणाले होते. तुला फोन आला असेल. गेलीस का?"

मुलीने मागे वळून पाहिलं. आई दारात येऊन उभी होती.

"गेले होते."

"मग?"

"सातव्या पेल्यापर्यंत नुसतं पाणीच लागलं."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "बघ! माझ्यापेक्षाही वरचढ! माझीच पोर! आता तरी पटलं?"

आईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती मुलीकडे बघत होती.

"म्हणजे तुलाही माझं जेवण अळणीच लागायचं?"

"हो."

"लहानपणापासून?"

"हो गं. पण आवडायचं मला."

"वेडी आहेस का? सांगायचंस ना! तुझ्यापुरतं चिमूटभर वेगळं घातलं असतं. एवढंसं तर काम..."

बोलता बोलता ती थांबली. टेकण्यासाठी हात मागे नेऊन तिने दाराची चौकट शोधली. मग हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

वडिलांचं हसू विरलं. "मला काय माहीत," ते पुटपुटले, "मागितलं तर देशील म्हणून?"

मुलीच्या ओठांवर सणसणीत शिवी आली होती, पण आईने हात वर करून तिला थांबवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

आईने पुढे होऊन नवऱ्याचा कप उचलला. त्यात अजून दोन घोट चहा शिल्लक होता.

"जिन्यात दिवा नाही," ती म्हणाली. "जपून उतरा."