माझ्या पोटातली राख

मी एक पत्र्याची ट्रंक बोलतेय. झाकणावर पांढऱ्या रंगात 'सहदेव, तारकर्ली' एवढंच लिहिलंय. माझी गोष्ट ऐका, पण जरा लांबूनच ऐका. मला माझीच भीती वाटते.

सहदेव मासेमारीवर जगणाऱ्या घरातला. थोरला भाऊ महादू होडी घेऊन दर्यावर जायचा, आई नर्मदा मालवणच्या बाजारात मासे विकायची. सहदेव मात्र मालवाहू जहाजावर खलाशी झाला आणि मुंबईत त्याने मला विकत घेतलं. वर्षाने घरी परतताना मी साबण, साड्या, खेळणी यांनी फुगलेली असायचे. माझं झाकण उघडलं की सारं घर हसायचं.

मग १९५४ चा मार्च आला. आम्ही पॅसिफिक महासागरात होतो. उजाडायला अवकाश होता, आणि गोल खिडकीतून एकाएकी भर दुपारचा उजेड आत घुसला. थोड्या वेळाने जहाज थरथरलं. दोन-तीन तासांनी आभाळातून चुन्यासारखी पांढरी राख पडू लागली. खलाशी हसत एकमेकांच्या डोक्यावरची राख झटकत होते. बायकोला, सुगंधाला, ही नवलाई दाखवावी म्हणून सहदेवने तपकिरीच्या रिकाम्या डबीत चिमूटभर राख भरली आणि ती माझ्या तळाशी ठेवली.

जपानच्या बंदरात उतरल्यावर कळलं, ती अणुबॉम्बची राख होती. ती अंगावर पडलेले कोळी आजारी पडले होते. बंदरावर माणसं मासे खड्ड्यात पुरत होती. एक म्हातारी रिकाम्या टोपलीशी नुसती बसून होती. डबी समुद्रात फेकायला निघालेला सहदेव तिला पाहून परत फिरला. तिच्या जागी त्याला आई दिसली असावी.

तो घरी आला. मालवणच्या एका डॉक्टरांना त्याने जपानकडच्या त्या राखेबद्दल विचारलं. ते म्हणाले, "अहो, जपान कुठे, मालवण कुठे!" सहदेवने डबीचं सांगितलंच नाही.

पुढच्या वर्षी सुगंधाला सातवा महिना होता. बाळाच्या दुपट्यासाठी जुना मऊ सदरा शोधायला तिने मला उघडलं. डबी तिच्या हाताला लागणार, तोच दारातून सहदेव ओरडला, "शिवू नको तिका!"

ती दचकली. "असा काय आसा डबयेत? बोला तरी!"

त्याने सगळं सांगितलं.

"मगे दर्यात टाकून देवा."

"दर्यात? थंय महादू जाळी टाकता. तेच मासे आवस विकता. मातयेत पुरली तर पावसाचा पाणी विहिरीत उतारता. जाळूची म्हटली तर वारो आसा. तूच सांग, खंय टाकू?"

सुगंधाने दोन्ही हात पोटावर घेतले आणि ती मागे सरकली. माझ्यापासून नव्हे, त्याच्यापासून.

दुसऱ्या दिवशी सहदेवने मला उचललं आणि गावाबाहेर कातळावरच्या मांगरात, गवत ठेवायच्या खोपीत आणलं. तोही तिथेच राहिला. जहाज सोडून तो चिरेखाणीवर कामाला जाऊ लागला. मुलगी झाली, प्रेमलता. त्याने उंबऱ्याबाहेरून तिची बोटं मोजली, दहा भरली, तरी तिला कडेवर घेतलं नाही. तिला साधा ताप आला तरी तो मांगरात येऊन माझ्याकडे बघत बसायचा. त्या नजरेने माझा पत्रा थंड पडायचा. मी काही केलंय का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

अशी नऊ वर्षं गेली. एके दिवशी महादू रेडिओवरची बातमी सांगून गेला. आता शेजारच्या देशानेही तो बॉम्ब फोडला होता. सहदेव माझ्याकडे वळला. "आता डबी फकत माझ्याकडेच नाय," तो पुटपुटला. "सगळ्यांकडे इली."

त्याच दिवशी दुपारी सुगंधा प्रेमलताला घेऊन कातळ चढून आली.

"त्या दिसा मी मागे सरलंय. माजा चुकला," ती म्हणाली. "पण डबयेक जागा नाय गावली म्हणान तुमी आपली जागा सोडलात. घराक चला."

"आणि माझ्या अंगात विष आसला तर?"

"तर तिघांका आसा. चला."

प्रेमलताने पुढे होऊन त्याचं बोट धरलं. त्याने हात ओढून घेतला नाही. तिघं कातळ उतरून गेली. मला बरं वाटलं, आणि मी एकटी पडले.

सहदेवने माझ्यावर चिरे रचलेत. खारा वारा मात्र फटीतून येतो. या पावसाळ्यात माझ्या तळाला मोहरीएवढं भोक पडलंय. डबीही गंजलीय. खाली, घरात, हे कुणाला ठाऊक नाही, आणि माझा आवाज तिथवर पोचत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. लवकर या. पण येण्याआधी ही चिमूटभर राख ठेवायला कुठेतरी जागा शोधा.