साय आणि सुंठ यांचं अंथरूण

बुधवारी सकाळी साडेसात वाजता जयवंतराव ठोमऱ्यांचा श्वास त्यांच्या छातीतून उठला आणि पिंजऱ्यातल्या दोन उंदरांत जाऊन राहिला. अर्धा सायीत, अर्धा सुंठीत. साय पांढरीशुभ्र, सुंठ मातकट. दोघी नातीनं हौसेनं पाळलेल्या, आणि ती बेंगळुरूला शिकायला गेली तेव्हा आजी-आजोबांच्या गळ्यात पडलेल्या.

इंदुमतीबाईंना हे कळलं ते चहामुळे. बेचाळीस वर्षं हा माणूस बशीत चहा ओतून फुंकर मारत आलेला. त्या दिवशीही त्यांनी ओठांचा चंबू केला, गाल फुगवले, पण बशीतल्या चहावर एक सुरकुती उमटेल तर शपथ! कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मात्र दोन्ही उंदरांच्या कुशी एकदम वर गेल्या आणि एकदम खाली आल्या. बाईंनी ते दोनदा नीट पाहिलं, गॅस बंद केला आणि डॉक्टर कोष्ट्यांना फोन लावला.

डॉक्टरांनी जयवंतरावांच्या छातीला नळी लावली. मग खाली बसून तीच नळी गजांतून आत घातली आणि आधी सायीच्या, मग सुंठीच्या बरगड्यांना लावली.

"श्वास उत्तम आहे," ते म्हणाले. "जागा तेवढी बदललीय."

"मग परत कधी यायचा?"

"परत येत नाही हो, ताई. आता जिथं आहे तिथं त्याचं नीट चाललं म्हणजे झालं. यांच्या अंगाखाली काय घालता?"

"भुसा."

"कसला?"

"वखारीतला. आता भुसा तो भुसा, त्यात कसला म्हणजे काय?"

"उंदरांची फुप्फुसं फार नाजूक असतात. अंथरुणाला धूळ नको आणि वास नको. एवढं सांभाळा, मालक टिकतील." डॉक्टरांनी औषधाच्या कागदावरही तेवढंच लिहून दिलं: योग्य अंथरूण, अखंड.

वखारीतला भुसा देवदाराचा निघाला. खोकी फोडून रंधा मारलेला, आणि वास तर असा की बाई आत्तापर्यंत पिंजरा साफ करताना मुद्दाम नाक खाली नेऊन हुंगायच्या. त्याच वासानं साय शिंकली की जयवंतरावांचा डावा खांदा उडायचा आणि सुंठ शिंकली की उजवा. दुपारपर्यंत त्यांचे ओठ जांभळाच्या रंगाला आले. बाईंनी सगळा भुसा पोत्यात भरून बाहेर काढला, तेव्हा पिंजरा हातभर लांब झाला होता.

त्यांनी टेप आणून मोजला. हातभरच. मग बाहेरची खोली मोजली, तर ती हातभर कमी भरली. हिशेब चोख होता. दुसरी एखादी असती तर किंचाळली असती, पण इंदुमतीबाईंचा जीव आधीच टांगणीला लागलेला. नवरा निळा पडतोय आणि भिंतीचं काय घेऊन बसायचं? सोफा थोडा सरकवून त्या पुढच्या कामाला लागल्या.

पुढचं काम म्हणजे रद्दी. पेपरला धूळ नसते, वास म्हणावा तर नसल्यासारखाच. बाईंनी बसल्या बैठकीला आठवड्याचे पेपर फाडून लांब लांब पट्ट्या केल्या आणि पिंजऱ्यात अंथरल्या. उंदरांनी त्या तोंडात धरून कोपऱ्यात नेल्या, घरटं केलं, थोड्या चावून गिळल्या. आणि काय आनंद सांगावा, तासाभरात जयवंतराव बोलायला लागले!

जयवंतरावांनी तीस वर्षं एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. बोलायला लागले ते त्याच आवाजात. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कैलासवासी विष्णुपंत आळतेकर यांची गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. श्रीमती गंगूबाई माने, वय वर्षे एकोणऐंशी, यांनी आपल्या सामानासह ताबडतोब गाडीत बसून घ्यावे."

बाईंनी डोक्याला हात लावला. पट्ट्या फाडताना निधनवार्तांचं पान वेगळं काढायचं राहिलं होतं. कुणाच्या लक्षात येणार आहे ते?

नेमक्या तेव्हा जयवंतरावांची धाकटी बहीण कमल भावाला बघायला आली होती. ती दोन मिनिटं ऐकत उभी राहिली. मग गल्लीतून हातात पिशवी घेऊन स्टँडच्या दिशेनं निघालेली गंगूबाई माने तिला खिडकीतून दिसली. तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"वहिनी, मी निघते," कमल म्हणाली. "दादा अक्षरानं अक्षर वाचतोय. माझं नाव आलं म्हणजे?"

"वन्सं, तुमचं नाव कशाला येईल पेपरात?"

"आज नाही आलं. उद्याचं कुणी सांगावं?" त्या दिवसापासून कमल उंबऱ्याच्या आत आली नाही. तशी आत जागाही कुठं उरली होती? शाईनं दोन्ही उंदरांचे पाय काळे झाले, जयवंतरावांचा आवाज घोगरा होत होत बसला, आणि पट्ट्या काढल्या तेव्हा पिंजरा आणखी दोन हात वाढलेला होता.

मग पिंजर झाली. म्हणजे भाताचा वाळका पेंढा, शेतातला, स्वतः झटकून आणलेला. ते म्हणजे आगीतून फुफाट्यात. अर्ध्या दिवसात घरभर धुरळा, जयवंतरावांचे डोळे पांढरे, आणि स्वयंपाकघरात जायला बाईंना अंग चोरून आडवं चालावं लागायला लागलं. सोफा त्यांनी आधीच बाहेर काढला होता. आता कपाट काढलं, मग जेवणाचं टेबल काढलं. अंगणात संसार मांडल्यासारखं दिसायला लागलं, आणि जाणारे-येणारे विचारायचे, "काय, घर बदलताय?" बाई म्हणायच्या, "हो, तसंच काहीसं."

इंदुमतीबाई कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. त्यांना दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं की या माणसानं आणखी थोडे दिवस बशीवर फुंकर मारावी. त्यांनी देवापुढं हात जोडायचं मनात आणलं, पण देव्हाऱ्याची भिंत आदल्याच दिवशी गेली होती.

कमल रस्त्यावरून ओरडली, "वहिनी! रडताय काय? आपल्यात बारशापर्यंत बाळाला कोरं कापड लावतात का कधी? जुनं द्या, जुनं! धुऊन धुऊन विरलेलं. आईचं लुगडं आहे ना ट्रंकेत?"

एवढी साधी गोष्ट, आणि सुचली नव्हती बघा! चाळीस वर्षं दगडावर आपटून सासूबाईंच्या लुगड्याची साय झाली होती. बाईंनी कात्री हातात घेतली, सासूबाईंची क्षमा मागितली आणि टराटरा तुकडे केले. उंदरांनी नाकं लावून हुंगलं, दोघी तुकड्याखाली शिरल्या आणि एकमेकींच्या अंगावर मान टाकून निजल्या. पिंजऱ्याचं लांब होणं थांबलं. जयवंतरावांच्या ओठांवर रंग आला.

"इंदू," ते म्हणाले, स्टँडवरच्या नव्हे तर घरातल्या आवाजात, "चहा टाक की."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस असे गेले की लग्नानंतरचे पहिले दिवससुद्धा असे गेले नव्हते. उरलेल्या जागेत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, ते चहा प्यायचे, त्या त्यांच्याकडे बघत राहायच्या. सकाळ-संध्याकाळ तुकडे बदलायचे, ओले धुवायचे, वाळवायचे, परत घालायचे. बाळंतिणीच्या घरासारखं दोरीभर दुपटी.

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दुपटी वाळेनात. दमट राहिली. आता दमट कापड कोणती आई बाळाच्या अंगाखाली घालते? बाईंनी शेगडी पेटवली, निखारे फुलवले, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकली, वर वेताची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर एकेक दुपटं पसरून धुरी दिली. तिन्ही पोरं त्यांनी अशीच वाढवली होती, एकालाही साधी सर्दी झाली नव्हती. डॉक्टर वास नको म्हणाले होते हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. पण धुरीला कुणी वास म्हणतं का? धुरीनं तर छाती मोकळी होते. एवढं शहाण्यासुरत्या डॉक्टरला वेगळं विचारायचं कशाला?

ऊबदार दुपटी त्यांनी पिंजऱ्यात घातली. साय आत शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

बाईंनी दुपटं उचललं तेव्हा ती कुशीवर पडलेली होती, इवलेसे गुलाबी पंजे मिटून. तिच्यातला अर्धा श्वास बाहेर पडला. तो दिसत नव्हता, पण कळत होता. कॅलेंडरचं पान हललं, मग दोरीवरचं दुपटं हललं, मग बाईंच्या कपाळावरचे केस. जागा शोधत होता बिचारा. बाईंनी किंचाळायला तोंड उघडलं आणि तो सरळ त्यात शिरला.

किंकाळी राहिली आत. बाईंना छाती भरून आल्यासारखं झालं, दीड माणसाचा वारा एकीच्या अंगात. त्या धावत जयवंतरावांकडे गेल्या, त्यांच्या तोंडाला तोंड लावून फुंकू लागल्या. लाज नाही, काही नाही. फुंकलेलं सगळं परत त्यांच्याकडेच आलं. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा आलं.

"माझ्याच हातानं केलं हो," त्या फोनवर डॉक्टरांना म्हणाल्या. "माझ्याच हातानं मी त्यांचा घास घेतला."

"अर्धाच गेलाय," डॉक्टर म्हणाले. "तो तुमच्यात शाबूत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय?"

सुंठ कोपऱ्यात गजांकडे तोंड करून बसली होती. दाणा तिनं हुंगलाही नव्हता.

"ती एकटी राहायची नाही," डॉक्टर म्हणाले. "उंदराला जोडी लागते. जोडी नसली की दोन दिवसांत मान टाकतो. तुम्हाला तिच्याजवळ राहावं लागेल."

"राहते की. इथंच तर आहे मी."

"बाहेर नव्हे, ताई. आत."

"किती दिवस?"

"तसं काही ठरलेलं नसतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी मान वर करून पाहिलं. धुरीनं पिंजऱ्याला फारच वाढवून ठेवलं होतं. गज छताला टेकले होते. बाहेरच्या खोलीतली आता फक्त एक खुर्ची गजांबाहेर उरली होती आणि तिच्यावर जयवंतराव. पिंजऱ्याच्या दाराची कडी बाईंच्या खांद्याइतकी वर होती. त्यांनी धुरीची सगळी दुपटी गोळा करून शेगडीत कोंबली, पदर खोचला, आत गेल्या आणि मागं वळून कडी लावली. सुंठ कोपऱ्यातून सरकत आली आणि त्यांच्या पोटाला चिकटून बसली. खाली नुसता पत्रा होता, गार आणि टोचरा.

आणि मग गंमत बघा. इंदुमतीबाई मूळच्या धडधाकट. विहिरीत पोहलेली, डोंगरावर पाणी वाहिलेली बाई, छाती भात्यासारखी. त्यांच्यातला अर्धा श्वास असा चालायला लागला की तसा तो उंदरांना कधी जमला नव्हता. सुंठीनं दाणा खाल्ला. जयवंतराव खुर्चीतून उठले. किती दिवसांनी उठले! कसलाही आधार न घेता उभे राहिले, हात ताठ केले, मान दोन्हीकडे फिरवली. बाईंना आतून हसू फुटलं.

जयवंतरावांनी पिंजऱ्यापाशी येऊन वाकून पाहिलं. त्यांचे डोळे भरले.

"इंदू, अगं नुसत्या पत्र्यावर? थांब जरा."

त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली. बाईंच्या माहेरची, शेवरीच्या कापसाची, घरातली सगळ्यात मऊ चीज. दातानं शिवण उसवली आणि मूठ भरून कापूस गजांतून आत सोडला. मग दुसरी मूठ. मग तिसरी. कापूस खाली पडलाच नाही. तो वाऱ्यावर उठला, तंतू तंतू सुटा झाला आणि पिंजराभर पसरला. सुंठीनं नाक बाईंच्या पदरात खुपसलं. बाईंच्या नाकापुढं, डोळ्यांपुढं, सगळीकडे पांढरं झालं. एक तंतू त्यांच्या ओठाला येऊन चिकटला.

"अहो, नको" म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

"मऊ आहे गं," जयवंतराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी उशी फाडली. "आणखी घालतो. बेचाळीस वर्षांत मी तुझं अंथरूण कधी घातलं नाही."

इंदुमतीबाईंनी श्वास रोखून धरला. गजांच्या बाहेर, कापसानं भरलेल्या दोन्ही मुठी तशाच पुढं धरून, जयवंतराव थांबले.