उरलेल्या पानांची वही

मी संघमित्राची रफ वही बोलतेय. दुकानातल्या नव्या वहीचा तोरा माझ्याकडे नाही. मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून लताने, म्हणजे तिच्या आईने, मला दाभणाने शिवलं. म्हणून माझी काही पानं एकेरी रेघांची, काही चौकटींची.

लता पवईच्या एका ऑफिसात चहा-नाश्त्याची पॅन्ट्री सांभाळते. घर कांजूरमार्गला. संघमित्रा पाचवीत. फळ्यावर गणित लिहून होईपर्यंत तिचं उत्तर माझ्यात तयार असायचं. मग अपूर्वा टीचर म्हणायच्या, "झालं? हाताची घडी, तोंडावर बोट!" वर्गात साठ मुलं, त्या तरी कुठे कुठे बघणार? पण तास संपेपर्यंत ती तशीच बसायची आणि मला वाईट वाटायचं.

ज्यांचं चुकायचं, त्यांना टीचर सरावाला आणखी पाच गणितं द्यायच्या. दिवाळीनंतर एकदा संघमित्राने माझ्यात ४३२ लिहिलं आणि गणिताच्या वहीत ४२३. मला वाटलं, घाईत झालं असेल. तिला पाच गणितं मिळाली, तिचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला सगळं कळत होतं, पण रफ वही तपासतं कोण?

चाचणीत तर तिने अर्धा पेपर मुद्दाम चुकवला. कच्च्या मुलांच्या जादा तासाला भरपूर गणितं असतात, असं तिने ऐकलं होतं. तिथे निघाल्या दुसरीतल्या बेरजा. त्यानंतर पंधरा दिवस तिने मला उघडलंच नाही. शाळेत जायलाही नको म्हणू लागली. तेव्हा मी खरी घाबरले.

मुलगी मागे पडली म्हणून लता हबकली. रविवारी स्वतःच शिकवायला बसली आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

"मित्रा, इथे बरोबर आहे, मग तिथे चुकलं कसं गं?"

"चुकलं की अजून गणितं मिळतात ना, आई."

लताने दोन्ही वह्या मिटून पिशवीत ठेवल्या. सोमवारी अर्धी रजा टाकून आम्हाला दोघींना घेऊन शाळेत गेली.

टीचरनी माझं पान न् पान पाहिलं. "माझं लक्षच गेलं नाही हो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन काढलं आणि माझ्या कोऱ्या पानावर सातवीचं एक गणित लिहिलं.

संघमित्राने पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही.

"टीचर, बरोबर आलं तरी अजून देणार ना?"

टीचरनी होकाराची मान हलवली. त्याच पानावर खाली आणखी एक गणित लिहिलं.

आता माझी दोनच पानं कोरी आहेत. खोडून खोडून एका पानाला भोक पडलंय. तिथलं गणित चार दिवस झाले, तिला सुटत नाहीये. ती रोज मला उघडते. पानं संपली की मला खुशाल रद्दीत द्या. त्याआधी तुमच्या घरातली रफ वही मात्र एकदा चाळून बघा. तिच्यात कोणीतरी बरोबर उत्तर लपवून ठेवलं असेल.