मिन्जोकला मराठीत काय म्हणतात

विजयश्री शिंदेचं पोट भाषेवर चालायचं, आणि खरं सांगायचं तर भाषा थोडी पातळ करण्यावर. चाकणच्या कोरियन कंपनीत ती दुभाषी होती. साहेब लालबुंद होऊन ओरडले, की मराठीत त्याचं "साहेब म्हणतायत, अजून जरा लक्ष द्या" व्हायचं. कामगारांनी साहेबांचं कूळ उद्धारलं, की कोरियनमध्ये त्याचं "यांना थोडा वेळ हवाय" व्हायचं. त्यामुळे लाइन चालू राहायची, आणि दिवाळीला दोन्ही बाजूंकडून मिठाई यायची.

असं माणूस भाडेकरू म्हणूनही कुणाला आवडेल. कुरुळीत सगुणाबाईंच्या वरच्या खोल्यांत ती आणि तिचा नवरा राहायचे. सगुणाबाईंची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली होती. उरलेल्या तुकड्यात थोडी मेथी-कोथिंबीर आणि बाकी खोल्या, असं त्यांचं पीक होतं. खोली दाखवताना त्यांनी आडनाव विचारलं होतं.

"शिंदे? मंग आपलेच की!"

विजयश्री नुसती हसली. तिचे आजोबा नगरकडच्या एका खेड्यात गावकुसाबाहेर वाढलेले. मिशनच्या शाळेत शिकून ते ख्रिस्ती झाले, आणि त्या दिवसापासून जात हा शब्द त्यांनी घरात कुणाला काढू दिला नाही. तेव्हा विजयश्री खोटं काही बोलली नव्हती. पण ते हसणंही खरं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात येशूची तसबीर लागली, रविवारी उपासनेला जाणं सुरू झालं, तरी सगुणाबाईंनी काही विचारलं नाही, आणि हिनंही आपणहून सांगितलं नाही.

कंपनीतून आली की ती आलं घालून चहा करायची आणि एक कप खाली नेऊन द्यायची. सुरुवातीला सगुणाबाई "ठिव, निवू दे जरा" म्हणत कप घेऊन आत जायच्या. पुढे पुढे ओट्यावरच फुर्र करून प्यायला लागल्या. विजयश्रीला डेंगी झाला तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी तिला भाताची पेज भरवली. आई गेल्यापासून तिला "जेवलीस का गं" विचारणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं. आणि सगुणाबाईंचे मालक बन्सीभाऊ गेले, घर त्यांना खायला उठलं, तेव्हा विजयश्रीनं त्यांना स्कूटीवर मागे बसवून एका रविवारी चिखलीला नेलं.

चिखलीत खाली पावडर कोटिंगचं वर्कशॉप आणि वर पत्र्याचा हॉल, अशी विजयश्रीची मंडळी, म्हणजे तिचं चर्च, भरायची. सगुणाबाईंना तिथली गाणी आवडली. त्या दर रविवारी यायला लागल्या. घरी देवापुढं दिवाही लावायच्या आणि इथं टाळ्या वाजवून गायच्याही. पाळक शांतवन यांनी त्यांना कधी घाई केली नाही. सगुणाबाईंचा मुलगा आदिनाथ म्हणायचा, "जाऊ द्या, तिथं गेल्यावर तिचे गुडघे दुखायचे थांबत्यात."

तर अशा त्या हॉलमध्ये एका रविवारी कोरियाहून चोई नावाचे मिशनरी आले. वयस्कर, बारीक, अत्यंत नम्र माणूस. त्यांची कोरियन मराठीत आणायला विजयश्रीशिवाय दुसरं कोण होतं?

प्रवचनाचा विषय ठरलेला होता. येशूनं जाता जाता शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे जायला सांगितलं, ती आज्ञा. चोईंच्या शास्त्रात, म्हणजे कोरियन बायबलात, राष्ट्रासाठी 'मिन्जोक' हा शब्द होता. विजयश्रीनं आपल्या मराठी शास्त्रातला शब्द ठेवला, राष्ट्र. मंडळीनं माना डोलावल्या. पुढच्या रांगेतले ज्योतीराम, मंडळीचे खजिनदार, मोठ्यानं म्हणाले, "आमेन. जपान, कोरिया, सगळी राष्ट्रं!"

चोईंना ते कळलं असावं. त्यांनी हसून मान हलवली. म्हणाले, मिन्जोक म्हणजे झेंडा आणि सीमा असलेला देश नव्हे. मिन्जोक म्हणजे जी माणसं आपसात लग्नं करतात, एकमेकांकडे जेवतात, एकमेकांच्या मयताला खांदा देतात ती. तुमच्या एका गावातसुद्धा आठ-दहा मिन्जोक असतील.

अख्खा हॉल विजयश्रीच्या तोंडाकडे बघत होता. "म्हणजे लोकसमूह," ती म्हणाली. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "म्हणजे... समाज."

"समाज म्हणजे आपला तो वधूवर मेळाव्यातला समाज का?" ज्योतीराम म्हणाले. "सरळ जात म्हणा की ताई. जातच ना?"

ज्या शब्दाला आजोबांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं तो चर्चच्या मधोमध येऊन बसला. विजयश्रीनं सगुणाबाईंकडे बघायचं टाळलं.

"हो," ती म्हणाली. "जात."

चोई पुढं बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ख्रिस्ती झाल्यावर माझ्या आजोबांना भावांनी वाळीत टाकलं, ते म्हणाले. त्यांच्या प्रेताला घरातलं कुणी आलं नाही. देवाकडे येताना कुणाला आपली माणसं सोडावी लागू नयेत, एवढंच मला वाटतं. म्हणून प्रत्येक मिन्जोकची प्रार्थना त्यांच्यातच, त्यांच्या घरात व्हावी. शांतवन साहेब म्हणतात, कुरुळीच्या एक आई इथं येतात. त्यांच्या लोकांसाठी कुरुळीतच वेगळी सभा सुरू करावी. म्हणजे त्यांना इतक्या लांब, परक्यांत यावं लागणार नाही.

शांतवन पाळकांनी मान हलवली. भावकीतली माणसं सगुणाबाईंना टोचून बोलतात हे त्यांच्या कानावर होतं. त्यांना खरोखरच त्यात सोय दिसत होती.

चोई सगुणाबाईंकडे वळले, कमरेत वाकले, आणि विजयश्रीला म्हणाले, "आईंना विचारा, त्यांचा मिन्जोक कोणता?"

झालं. इतक्या दिवसांत या बाईनं आपल्याला जो प्रश्न विचारला नाही तो आता आपण तिला विचारायचा, तोही माईकवरून. विचारला की पुढचा प्रश्न आपल्याकडे येणार, आणि संध्याकाळचा ओटा गेला, पेज गेली, सगळं गेलं, असं विजयश्रीला वाटलं. तिला भीती वाटली, आणि शरमही वाटली.

"मावशी," ती म्हणाली, "ते विचारतायत, तुमची जात कोणती."

"मराठा की," सगुणाबाई म्हणाल्या. "त्यात इचारायचं काय? आनि तुझी न्हाई का इचारत त्ये?"

विजयश्रीनं माईक खाली ठेवला. "मावशी, खोली घेताना तुम्ही 'आपलेच' म्हणालात आणि मी हसले. आम्ही तुमच्यातले नाही. माझे आजोबा गावकुसाबाहेरचे."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तू सामान टाकलंस त्याच आठवड्यात कळलं. भाडेकरू कोन, कुठला, हे इचारल्याबिगर ऱ्हातंय व्हय कुनी कुरुळीत?" सगुणाबाईंनी पदर नीट केला. हॉलमध्ये सगळे ऐकतायत याची त्यांना पर्वा दिसली नाही, पण आवाज थोडा खाली आला. "खरं सांगू का पोरी? पयलं वरीसभर तुझा चहा मी आत न्हिऊन मोरीत वतायची. मालकास्नी ठावं हुतं. मंग एक दिस ध्यान न्हवतं, बोलता बोलता पेले. पेल्यावर ध्यानात आलं. म्हनलं, आता पेलेच की."

सगुणाबाईंनी चोईंकडे बोट केलं.

"ह्यास्नी सांग," त्या म्हणाल्या, "मला येगळं बसवू नगा. ततं समदी आमचीच आसत्याल, मंग मी पुना मोरीत वतायला लागंल. माझा मला भरवसा न्हाई."

"काय म्हणाल्या आई?" चोईंनी विचारलं.

शांतवन पाळक हळूच म्हणाले, "ताई, थोडक्यात सांगा. त्यांना इथंच बरं वाटतं, एवढंच सांगा." आयुष्यभर विजयश्रीनं हेच केलं होतं. साखर घालून पुढे केलेली वाक्यं. पण आज तिला राग आला होता, वर्षभराच्या त्या आल्याच्या चहाचा राग, आणि रडूही येत होतं. तिनं एकूण एक शब्द सांगितला. मोरीला कोरियनमध्ये काय म्हणतात ते तिला येईना, म्हणून 'घरातलं खरकटं पाणी जातं ती जागा' असं सांगितलं.

चोईंनी हातातलं शास्त्र मिटलं. मग एवढंच म्हणाले, "माझ्या आजोबांच्या भावांनी कप हातातसुद्धा घेतला नव्हता." आणि ते बसले. शांतवन पाळकांनी पुढचं गीत सांगितलं. कुरुळीची वेगळी सभा काही निघाली नाही.

परत जाताना विजयश्रीनं मोशीपर्यंत स्कूटी दामटली. तिचा राग उतरला नव्हता. सिग्नलला थांबल्यावर तिनं मान न वळवता विचारलं, "आणि जो पहिल्यांदा प्यालात तो चहा, तो तरी बरा झाला होता का?"

"कसला बरा?" सगुणाबाई मागून म्हणाल्या. "साखर टाकायचीच इसरली हुतीस."