मोकळी जागा

बेबीनंदानं चुन्याच्या रेघेवरच पाय रोवला आणि कडेवरच्या लेकीचं डोकं पदरानं झाकलं. समोर नगरपालिकेचा शिपाई कडूबा भाजीबाजारातले दगड उचलून टोपलीत टाकत होता. एक दगड घरंगळत तिच्या पायाशी आला, तशी ती दचकली. पण हलली नाही.

"वहिनी, बाजूला व्हा. रेघ पुसून राह्यली."

"पुसू द्या. कडूभाऊ, हे दगड कुणाचे, तुम्हाला ठाऊक नाही?"

कडूबानं मान खाली घातली. त्याला बराबर ठाऊक होतं. बाजार उठला की प्रत्येक बाई आपला दगड, कुणी वीट, जागेवर ठेवून जायची आणि पुढच्या बाजाराला तिथंच बसायची. दुसरीच्या दगडाला कुणी हात लावत नसे. टोपलीतला तो काळा, चौकोनी दगड बेबीनंदाच्या सासूचा, सगुणाबाईचा. दुष्काळात खडी फोडायला गेली, तिथून तिनं तो डोक्यावर आणला होता. त्या दगडामागं बसून विकलेल्या मेथी-वांग्यांवर घरची चूल पेटत होती.

नकाशाची गुंडाळी घेऊन ओव्हरसियर अप्पाराव आले.

"शिकलेल्या दिसता, बाई. मंग असं अडवता कशाला? चाळीस गाळे होणार इथं. वर ट्यूबलाइटी. जालन्याची कळाच बदलून जाईल बिलकुल."

"गाळे कुणाला?"

"अनामत भरंल त्याला."

"आणि भाजीवाल्या बायका?"

"कोणत्या बायका?" त्यांनी नकाशा उलगडला. "तीनदा पाहणी केली. एकदाबी कुणी दिसलं न्हाई."

"तिन्ही वेळा बाजार नसताना आलात."

कडूबा उगाच खाकरला.

बेबीनंदानं नकाशावर बोट ठेवलं. तिथं सुरेख अक्षरात लिहिलं होतं : मोकळी जागा.

"उद्या बाजार आहे. भर बाजारात उभं राहून एवढंच वाचून दाखवा. सासूबाईंच्या हातात तेव्हा तराजू असतो, तेवढं ध्यानात ठेवा."

अप्पारावांनी टोपलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. चिडून खिशातलं पेन काढलं, ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं : अतिक्रमण.

"घ्या. झालं समाधान?"

बेबीनंदानं तो शब्द दोनदा वाचला. लेक नकाशा ओढायला झेपावली, तशी तिची इवली मूठ तिनं आपल्या मुठीत घट्ट धरली. मग वाकून टोपलीतला काळा दगड काढला, होता त्या जागी ठेवला आणि लेकीला मांडीवर घेऊन त्यावर बसली.

"झालं, साहेब. मोकळ्या जागेला नोटीस देता येत नाही. आता आम्हाला द्यावी लागेल, एकेकीच्या नावानं. पेन काढलंच आहे, तर लिहा."

अप्पाराव नकाशा गुंडाळू लागले.

"सगुणाबाई पुंजाराम खरात," ती सावकाश सांगू लागली. "त्यांच्या शेजारी दुर्गाबाई..."

कडूबानं टोपली उपडी केली. त्यातली एक लाल वीट उचलून काळ्या दगडाशेजारी ठेवली.

"ही दुर्गाबाईची, साहेब."