झिरीच्या वाट्याचा कोंबडा

मी एक कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. आरवून माझी काय शोभा झाली, तेच तर सांगायचं आहे.

जन्म माझा खाली समुद्रकाठचा. तिथल्या बाजारातून मल्हाबाईंनी मला पाय बांधून जुर्जुराच्या डोंगरात, आपल्या परसात आणलं. आल्या दिवशीच मी तिथल्या थोरल्या कोंबड्याकडे काणाडोळा करून पाच कोंबड्यांना सांगून टाकलं, की आता घाबरायचं कारण नाही, मी आलो आहे.

मग बर्फ पडला. सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर अंगणच जाग्यावर नव्हतं. मी एक पाय बाहेर टाकला, चटका बसल्यासारखा वर घेतला आणि पोटाच्या पिसांत लपवला. तसाच एका पायावर दारात उभा राहिलो. कोंबड्यांना वाटलं, मी पहारा देतोय. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. शेवटी मल्हाबाईंनी चुलीतली राख बर्फावर पसरून फाटकापर्यंत वाट केली, तेव्हा कुठे आमची वरात निघाली. त्या राखेबाहेर मी कधी नखही टाकलं नाही.

कोंबड्या शहाण्या. पिसं फुगवून, एकमेकींना चिकटून, डोकं पंखात घालून झोपायच्या. मी तुरा दिसावा म्हणून मान वर करून झोपायचो. व्हायचं तेच झालं. तुऱ्याचं टोक थंडीनं काळं पडलं.

"कर, अजून रुबाब कर," असं म्हणत मल्हाबाई त्याला ऑलिव्हचं तेल चोळायच्या. मला वाटे, ही माया.

ती माया यन्नायरसाठी होती. नव्या वर्षाच्या या सणाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे एक कोंबडा कापायचा, ही त्यांची रीत. थोरला कोंबडा घरधनी मेझियानच्या नावाचा, आणि मी त्यांच्या मुलाच्या, शहरात नोकरी करणाऱ्या झिरीच्या.

सणाच्या दिवशी दाट धुकं होतं. मेझियान बाहेरून आले आणि बूट झटकत म्हणाले, "रस्ता बंद झालाय. झिरी काही येत नाही आता."

सणाच्या कुसकुससाठी रव्याचे बारीक दाणे वळणारे मल्हाबाईंचे हात थांबले. "मग त्याचा कोंबडा राहू दे," त्या म्हणाल्या. "तो येईल तेव्हा बघू." आणि त्यांनी डोक्याच्या रुमालानं डोळे पुसले.

मी मात्र, लाज सोडून सांगतो, मान ताणून आरवलो. वेळ ना काळ, आरवतच राहिलो. मेझियाननी बूट फेकून मारला, तरी थांबलो नाही.

थोड्या वेळानं धुक्यातून कमरेपर्यंत बर्फानं भरलेला एक माणूस आला. झिरी. मल्हाबाई त्याला मिठी मारून रडल्या आणि मेझियाननी सुरी काढली.

मी पळालो. फाटक उघडंच होतं. राखेची वाट संपली तिथून पुढे सगळा डोंगर मोकळा होता. मी पाय उचलला, बर्फाकडे पाहिलं आणि तो पुन्हा पोटाशी घेतला. मेझियाननी मला एका पायावर उभा असतानाच धरलं.

"बाबा, थांबा," झिरी म्हणाला. "खाली गाडी सोडून चालत आलो. धुक्यात वाट चुकून कड्याकडे निघालो होतो. हा ओरडायला लागला, म्हणून घर सापडलं."

"अरे, पण पुरुषामागे एक हवाच," मल्हाबाई म्हणाल्या.

"माझ्या वाट्याला कोंबड्याऐवजी एक अंडं शिजव, आई. ज्यानं मला घरी बोलावलं, त्यालाच खाऊ?"

मल्हाबाईंनी धान्याच्या रांजणातून जपून ठेवलेलं शेवटचं अंडं काढलं. मेझियाननी मला खाली ठेवलं, अगदी राखेवर.

आता मी म्हातारा झालोय. तुरा निम्मा झडला. बर्फ पडला की मल्हाबाई मला चुलीजवळ घेतात, कोमट पाण्यात भिजवलेले जवाचे दाणे हातानं भरवतात आणि शेजारणींना सांगतात, "यानं माझ्या पोराला हाक मारली." मी मान खाली घालतो. त्या म्हणतात, बघा किती नम्र आहे.

वाचकहो, एवढीच विनंती. मी झिरीला हाक मारली नव्हती. तो येत नाही, या आनंदात ओरडत होतो. मल्हाबाईंना हे कधी कळू देऊ नका.